माझ्यातून लेकीत गेलेला एक्स

परवा दिंद्रुडला घरी, अंगणात बसून अण्णांना बायोलॉजी शिकवायची वेळ आली. मी कॉलेजात हाच विषय शिकवतो, पण असा तास कधी घेतला नव्हता...

मला दुसरी मुलगी झाल्यापासून अण्णा, म्हणजे माझे वडील, गप्पच होते. बाळ घरी आलं तरी त्यांनी एकदाही मांडीवर घेतलं नाही. बायकोचा उतरलेला चेहरा मला दिसायचा.

परवा सकाळी शेवटी ते म्हणालेच, "आपला वंश हितंच थांबला म्हनायचा."

मी शेजारी बसलो. म्हटलं, अण्णा, मुलगा की मुलगी हे ठरतं एक्स आणि वाय या दोन गुणसूत्रांवर. बापाचा वाय मुलाला मिळतो, आपण वंश म्हणतो तो हाच. पण कोट्यवधी वर्षांपूर्वी ही जोडी अगदी सारखी होती! मग त्यांच्यातली तुकड्यांची अदलाबदल बंद पडली आणि वाय झिजत गेला... त्यावरचे बहुतेक जीन्स, म्हणजे जनुकं, गळूनच गेले. चिंपांझीचा एक्स आजही आपल्या एक्ससारखाच, वाय मात्र केवढा वेगळा झालाय.

"माकडाचं ऱ्हाऊ दे रे. तुझा एक्स कुठनं आला?"

"आईकडून."

"आन ह्या पोरीत?"

"माझाच जातो..." म्हणालो आणि थांबलो.

इतकी वर्षं फळ्यावर ही आकृती काढली, पण असा विचार कधी केला नव्हता. बाईचे दोन एक्स पुढच्या पिढीत जाताना तुकडे बदलून एकमेकांत मिसळतात; माझा वाय झिजलेला, म्हणून माझ्या एक्सला मिसळायला जोडीदारच नाही. टोकाचा बारीक भाग सोडला तर आईने दिलेला एक्स माझ्यातून जसाच्या तसा मुलीत उतरला. आई गेल्या वर्षी गेली... या नातीला तिने पाहिलंही नाही.

हे सगळं मी अण्णांना सांगितलं.

"म्हंजी तुझी माय हाय हिच्यात?"

"हाय, अण्णा."

ते उठले, हौदावर हात धुतले, पंच्याला पुसले. दारात जाऊन सुनेला म्हणाले, "दे बाई हिकडं." नातीला मांडीवर घेऊन ते तिच्याकडे बघतच राहिले... बायको आत जाऊन रडली.

माणूस नव्हता, माकडंही नव्हती, तेव्हा सुरू झालेली ती झीज. तिच्यामुळे माझी आई माझ्या लेकीपर्यंत पोचली... एवढ्या लांबच्या वाटेचे आभार कुणाचे मानायचे, हेच कळत नाही.