वेताच्या खुर्चीपाशीच येणारा एरर

भुताखेतांचे किस्से ऐकले की मला आधी हसू येतं, मग राग येतो. अख्खी नोकरी कॉलेजात फिजिक्स शिकवण्यात गेली माझी. इथे ग्रुपवर येणारे असले अनुभव वाचूनसुद्धा मी नाकच मुरडायचे. आता माझाच लिहायला बसलेय... हसा हवं तर.

आम्ही हैदराबादचे, नारायणगुड्यात फ्लॅट आहे. आमच्या ह्यांना होम थिएटरचं भारी वेड. घेतलं मात्र कधीच नाही. रविवारी शोरूममध्ये जायचं, डेमो रूमच्या सोफ्यावर मस्त फुकटात बसायचं, आणि निघताना सेल्समनला "सोचके बोलते मियाँ" म्हणायचं! आणि सिनेमा चालू असताना तोंड बंद म्हणून नाही. "बघ, आता हाच मारणार त्याला." "बघ, ही रडणार." मध्येच थांबायचे, मी "हं" म्हणावं म्हणून. "हं" म्हटलं नाही तर तेच वाक्य पुन्हा. इतकी परेशान व्हायचे मी!

गेल्या वर्षी हे गेले. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं, ते घरी आलेच नाहीत. घर असं गप्प झालं की मला माझ्याच चपलांचा आवाज खुपायला लागला. शेवटी मीच होम थिएटर घ्यायचं ठरवलं. मृणाल, माझी मुलगी, म्हणाली, "मम्मी, एक साउंडबार बस झाला की! एवढ्या वायरी नक्को." मी ऐकलं नाही. ह्यांना पाच स्पीकर आणि वर सबवूफर हवा होता, तसंच घेतलं. दुकानातल्या माणसाने स्पीकर लावून दिले. पुढचं सेटिंग माझं मी करते म्हटलं. फिजिक्सवाली ना!

सिस्टिमसोबत एक छोटा माइक येतो. आपण जिथे जिथे बसणार, तिथे तो कानाच्या उंचीवर ठेवायचा. खोली शांत आहे ना, हे मशीन आधी तपासतं, मग एकेका स्पीकरमधून टूं-टूं आवाज काढून मोजमाप घेतं. सोफ्यावर, माझ्या जागी, एका दमात झालं. मग खिडकीजवळच्या ह्यांच्या वेताच्या खुर्चीवर माइक ठेवला. टीव्हीवर अक्षरं आली — खोलीत आवाज जास्त आहे, शांतता ठेवा.

पंखा बंद केला. फ्रिज बंद. खिडक्या लावल्या. तेच! रस्त्याचा आवाज असेल म्हणून वेताची खुर्ची आतल्या भिंतीशी नेली आणि खिडकीपाशी डायनिंगची खुर्ची ठेवून बघितली. डायनिंगच्या खुर्चीवर सगळं ठीक, आणि आतल्या भिंतीशी पुन्हा तोच एरर.

मग स्क्रीनवर आवाजाची पट्टी असते, तिच्याकडे नीट बघितलं. थोडा वेळ वरखाली व्हायची, मग एकदम तळाला जायची. पुन्हा वरखाली, पुन्हा थांबायची. गाड्यांचा आवाज असा थांबून थांबून येत नाही हो. मी खुर्चीला कान लावला... काही नाही. पट्टी थांबली तेव्हा माझ्या तोंडून आपसूक निघालं, "हं."

माझा आवाज विरला आणि पट्टी पुन्हा हलायला लागली. "हं" म्हटलं नाही, तर मघाचीच हालचाल, जशीच्या तशी, पुन्हा.

अंगावर काटा आला असेल असं वाटेल तुम्हाला. नाही आला. मी आधी ढसाढसा रडले आणि मग चक्क हसले. त्या बोटभर माइकला ऐकू येतं, आणि ज्या बाईने इतकी वर्षं संसार केला तिला नाही? त्या माइकचा हेवा वाटायचा मला, खरंच सांगते. तरी दुपारी जेवण आटोपलं की तो लावून समोर बसायचे. अधूनमधून "हं" म्हणायचे. घरात नवंकोरं होम थिएटर, पण सिनेमा एकही लावला नाही.

संक्रांतीला मृणाल आली. "अजून सेटअप अर्धवटच? काय मम्मी!" म्हणत तिने माइक उचलला.

"ती खुर्ची राहू दे गं."

"पप्पांचीच जागा सोडायची?"

तिने माइक ठेवला. पट्टी तळाशी. मी बघतेय, बघतेय... हललीच नाही. टूं-टूं झालं, आणि स्क्रीनवर आलं — सेटअप पूर्ण. मृणालने टाळ्या वाजवल्या. मी चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून तशीच उभी राहिले.

ती गेल्यावर मी सगळं पुसून पहिल्यापासून केलं. कितीदा केलं! मध्ये थांबून "हं" म्हटलं, "बोला ना" म्हटलं. दर वेळी पास. आवाज एकदम बढिया आहे, येणारा-जाणारा प्रत्येक जण म्हणतो.

माइकमध्ये काही बिघाड असेल, वायर सैल असेल, नाहीतर माझंच डोकं फिरलं असेल... मला आजही काही सांगता येत नाही. इथे बरेच टेक्निकल लोक आहेत म्हणून लिहिलं. असं का झालं ते नका सांगू मला. तो एरर परत आणायचा कसा, तेवढं कुणाला माहीत असेल तर सांगा.