पंपाच्या खोलीतला व्यायाम

आमच्याकडे दिवसाढवळ्या आडवी दिसलेली बाई एक तर बाळंतीण असते, नाही तर आळशी. मी दोन्ही नव्हते. माझा उजवा खुबा धरला होता. कापूस वेचताना कमरेला ओटी बांधतात, जुन्या लुगड्याची झोळी. ती भरत जाते तशी एका बाजूला लोंबते, आणि मी वर्षानुवर्षं ती उजवीकडेच घेतली. त्या हंगामात खुबा असा आखडला की उकिडवं बसले तर उठता येईना, आणि उठले तर पाय टाकता येईना. नवरा खामगावला कापसाच्या जिनिंग कारखान्यात, आठवड्यातून एकदा घरी यायचा. शेत बघणाऱ्या आम्ही दोघीच, मी आणि सासू. मी खाटेला खिळले असते तर शेत कोणी बघायचं?

त्यात ते साल वाईट. बीटी कापसाला अळी लागत नाही म्हणून सांगत होते, आणि आमच्या बोंडांत गुलाबी अळी निघाली. बोंड फोडून बघावं तर आत सडका, कवडी झालेला कापूस. पुन्हा फवारणी, पुन्हा पंप पाठीवर. आसपासच्या गावांतून काहीबाही कानावर यायचं, अमक्यानं औषध घेतलं, तमकीनं घेतलं. आमच्याकडे औषध म्हणजे फवारणीचं. ते घेतलं म्हटलं की पुढं कोणी काही विचारत नाही.

दुखण्यानं माझं बोलणंच बंद झालं. एरवी माझी जीभ कातरीसारखी, आणि सासूची त्याहून धारदार. आमचं भांडण ऐकायला शेजारणी तव्यावरची भाकर करपू द्यायच्या. पण त्या दिवसांत ती काहीही बोलली तरी मी गप. एकदाच वैतागून म्हणाले, "आत्याबाई, जीव नकोसा झाला मले आता." दुखण्यापायी बोलले, आणि विसरूनही गेले.

एका गोष्टीवरून मात्र माझं तोंड सुटलं. फवारणीचे डबे एकेक करून गायब व्हायला लागले. म्हातारी आपल्या लेकीच्या घरी पोचवत असणार, दुसरं काय! मी तिच्या तोंडावर तसं म्हटलं. तिनं उलटून एक शब्द काढला नाही. चोराच्या मनात चांदणं, असं मी शेजारणीलाही ऐकवलं.

शेवटी देऊळगाव राजाला गेले. तिथं व्यायाम शिकवणारी एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं माझा पाय इकडे तिकडे वळवून पाहिला आणि म्हणाली, "मावशी, दुखलं की तुम्ही श्वास कोंडून धरता. सगळं अंग आवळून घेता. मग खुबा सैल पडणार कसा?"

"बाई, श्वास घेते म्हणून तर जित्ती हाय ना!" मी म्हटलं.

ती हसली. मला पाठीवर निजवलं, पोटऱ्या स्टुलावर ठेवायला लावल्या आणि हात पोटावर. नाकानं श्वास घ्यायचा, पोट फुगू द्यायचं. मग ओठांचा चंबू करून, चूल फुंकल्यासारखा पण अगदी हळू, श्वास सोडायचा, आणि सोडताना खुबा जमिनीवर टाकून द्यायचा. माझं पोट हलेचना. नुसतं लाकूड! मीच थक्क झाले. इतकी वर्षं मी गळ्यातल्या गळ्यातच श्वास घेत होते की काय?

घरी रोज करा म्हणाली. पण करू कुठं? ओसरीवर आडवी पडले असते तर गावाला महिनाभर विषय मिळाला असता. एकच जागा होती, फवारणीचा पंप ठेवायची खोली. तिथं कोणी फिरकत नाही, म्हणून मला ती सोयीची वाटली. दार लोटायचं, पाय सरकीच्या पोत्यावर टाकायचे आणि पडायचं. हळूहळू पोट हलायला लागलं. आणि एका दुपारी श्वास सोडता सोडता खुब्यातली गाठ सुटली, खरंच सुटली, आवळलेली मूठ उघडावी तशी. इतकं बरं वाटलं की डोळ्यांतून पाणी आलं. डोळे मिटून, तोंड उघडं टाकून मी तशीच पडून राहिले.

नेमकं तेव्हाच सासूनं दार ढकललं.

"अवं माय वं! घेतलं वं हिनं! औषध घेतलं!"

मी उठायला गेले तर ती माझ्या छातीवरच येऊन बसली. त्या वाळक्या हाडांत एवढं बळ कुठून आलं देव जाणे. बघता बघता अर्धी गल्ली आत. कोणी पाय धरले, कोणी मिठाचं पाणी आणलं. "अवं, मी..." म्हणायला तोंड उघडलं की तांब्या तोंडात. श्वास कसा घ्यायचा ते नुकतं कुठं शिकले होते, आणि हे लोक घेऊ देईनात! शेवटी ओकले. सकाळची पालकाची भाजी पडली.

"पाहा, हिरवं हिरवं पडून राह्यलं," एक बाई म्हणाली. "औषधच हाय."

समोर राहणारा, दुसरबीडला ऑटो चालवणारा चाचा दारात ऑटो लावून ओरडत होता, "मावशी, हटा! भाभीले उचला, टाइम नका घालवू!"

आणि त्या गोंधळात सासू माझे खांदे गदागदा हलवत होती. "कुठी सापडला वं तुले डबा? म्या तं समदे गवऱ्यांच्या ढिगात लपवले होते! समदे! कुठी सापडला?"

म्हणजे डबे लेकीकडे गेलेच नव्हते.

"आत्याबाई, मी व्यायाम करून राह्यली होती," कसंबसं म्हटलं. "खुब्याचा."

कोणाचा विश्वास बसेना. तोंडाचा वास घेऊन झाला. उभं राहून, चालून दाखवावं लागलं, आणि चालले नीट! लोक हसत, चुकचुकत पांगले. एवढ्या माणसांत एकानंही "काऊन?" असं विचारलं नव्हतं. ही असं कशाला करील, हा प्रश्नच कोणाला पडला नाही. आता हिची पाळी, असं जणू सगळे धरूनच चालले होते. राग आला, आणि रागाहून जास्त भीती वाटली. इतकी का मी मेल्यासारखी दिसत होते?

सासू तिथंच जमिनीवर बसून होती. जवळ गेले तशी तिनं फाडकन एक चापट मारली. "सांगून नाई पडता येत तुले, मेले?" मग पदर तोंडात कोंबून म्हणाली, "लेकीले डबे देते म्हनली ना तू मले? म्हन, अजून म्हन." तिला रडताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून व्यायाम ओसरीवर, साऱ्या गावासमोर. अट सासूनं घातली, "श्वास आवाज करून सोड. मले चुलीपाशी आयकू आला पाह्यजे."

एकदा खुबा इतका सैल पडला की माझा डोळाच लागला. आत भाकर थापण्याचा आवाज एकदम थांबला, त्यानंच मी जागी झाले.

"काऊन थांबली वं?" आतून हाक आली.

"हाय, आत्याबाई, हाय!" म्हटलं, आणि पार रस्त्यापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं श्वास सोडला. मग परत भाकरीची थाप ऐकू यायला लागली.