थाळ्याच्या पाठीवरचे टाके

मंगळवारी सकाळी सुमन वारली. ती माझी पत्नी. आमच्या लग्नाला बावीस वर्षे झाली होती.

तेरावा झाल्यावर चार दिवसांनी मी जुन्नरहून पिंपरीकडे जाणारी एस.टी. धरली. मांडीवर गोधडीत गुंडाळलेला चिनी मातीचा थाळा होता. पांढऱ्यावर निळी वेल, दोन पक्षी आणि मधून गेलेली केसासारखी एक रेघ. हा थाळा आजोबांच्याही आधीपासून आमच्या कोनाड्यात उभा असे. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सुमनने तो पुसायला घेतला आणि त्याचे दोन तुकडे झाले. आईने तिला खेडला माहेरी पाठवून तो सांधून आणवला. पुढे आलेल्या पाहुण्यांना मी ती रेघ दाखवून सांगत असे, "ही आमच्या हिची पहिली कामगिरी." पाहुणे हसत. ती चहा ठेवायला आत जाई. आता तो मला घरात बघवेना. विकून मोकळे व्हायचे, एवढे ठरवून निघालो होतो.

चाकणला रस्त्याकडेला कांद्याच्या पोत्यांच्या थप्प्या लागल्या होत्या. तो वास गाडीत शिरला आणि मोशीपर्यंत आमच्याबरोबर आला. मोशीला एक म्हातारे शेतकरी शेजारी येऊन बसले.

"पाव्हणं, बाळ निजलंय का काय त्यात? हालूच देत न्हाई तुमी."

"थाळा आहे, चिनी मातीचा."

"मंग एवढं जपून जेवता कवा त्यात?"

 मला तिथे बसवेना. भोसरीलाच उतरलो आणि कारखान्यांच्या मधल्या रस्त्याने पायी निघालो. भोंगा झाला, पहिली शिफ्ट सुटली, आणि सायकलींचा लोंढा अंगावर आला. गोधडी छातीशी धरून मी एका भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. पिंपरीत उसळ-पाव मागवला आणि अर्धा टाकून उठलो. नदी ओलांडून काळेवाडीत पोचलो तेव्हा ऊन कलायला लागले होते.

जुन्या वस्तू घेणाऱ्या इब्राहिमभाईंच्या दुकानात बंद घड्याळे, हंड्या आणि पलंगाचे नक्षीदार खूर रचले होते. शाळेत शिकवतो म्हटल्यावर ते मला मास्तरच म्हणू लागले. त्यांनी थाळ्याला नखाने टिचकी मारली. बद्द आवाज आला.

"सांधलेला माल बोलत नाही, मास्तर." मग थाळा उलटा करून बुडाच्या खरखरीत कडेवरून त्यांनी बोट फिरवले. "पण अस्सल आहे. जहाजातून आलेला. अख्खा असता तर मुंबईचा शेठ तुमचं दार धरून बसला असता."

"आणि असा?"

"चौथाई. पण थांबा जरा."

पाठीवर पितळेचे पाच टाके (तुकडे धरून ठेवणाऱ्या तारेच्या चिमट्या) होते. प्रत्येक टाक्याशेजारी मोहरीएवढे दोन पिवळट ठिपके होते. ते मी कधी पाहिलेच नव्हते. थाळ्याची पाठ कायम भिंतीकडे असे.

"हा भट्टीतला डाग असेल तर भाव राहील. बुजवलेली भोकं असतील तर थाळा दोनदा सांधलाय. मग मी हात लावायचा नाही. टाके चाकणच्या रसूलचाचांचे दिसतात. भोक अर्ध्यावर थांबवायचं, आरपार जाऊ द्यायचं नाही, हे त्यांनाच जमायचं. वाटेवरच आहेत तुमच्या, विचारून या."

दुसऱ्या दिवशी सकाळी चाकणच्या बाजारामागे रसूलचाचा सापडले. आता ते स्टोव्ह दुरुस्त करतात. त्यांनी डोळे मिटून थाळ्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला.

"टाके माझे. ठिपकेही माझेच, लाख आणि चुना. पण त्याखालची भोकं माझ्या आधीच्या कुणाची. लोखंडी टाके होते, गंजून भुगा झालेले. थाळा मुळातच फुटका होता, भाऊ. कुणीही उचलला असता तरी सुटला असता."

"मग बुजवलीत कशाला?"

"एक नवी सूनबाई आली होती, खेडच्या माहेराहून, भावाला घेऊन. तिला मी हेच सांगितलं. म्हटलं, पोरी, घरी नेऊन दाखव, तुझा कसूर नाही. तर म्हणाली, नको चाचा, बुजवून टाका. सासूबाईंना वाटेल, मी त्यांना खोटं पाडायला निघाले." ते हसले. "लोक आपला कसूर लपवायला येतात. ही उलटीच. बरी आहे ना?"

"गेली. याच महिन्यात."

त्यांनी हातातली पिन खाली ठेवली. "अन् तुम्ही कशाला आलात?"

"भाव ठरवायचा होता."

 त्यांनी चहा मागवला आणि मी तो संपवेपर्यंत ते समोर बसून राहिले.

परतीच्या गाडीत मी सुमनवर रागावत होतो. आईला जाऊन आठ वर्षे झाली. थाळा आधीच सांधलेला होता हे आईला ठाऊक होते की नव्हते, ते आता कळायचे नाही. पण निदान आई गेल्यावर तरी सुमनने मला सांगायला हवे होते. खेडला गाडी थांबली तेव्हा लक्षात आले, की आई गेल्यानंतर कोनाड्यापुढे उभा राहून ती गोष्ट सांगणारा मी एकटाच उरलो होतो. तिने खरे सांगितले असते तर खोटा मीच पडलो असतो.

थाळा विकला नाही. ज्यांना ज्यांना ती गोष्ट सांगितली होती, त्यांच्याकडे जाऊन खरे काय ते सांगतो आहे. नऊ घरे झाली. त्यांपैकी सात घरी थाळा कुणाला आठवत नाही. आणखी चार घरे राहिली आहेत.