आखितीच्या सकाळचा पाऊस

सावळाराम शिपायाचा या जगात कुणावरही विश्वास नव्हता. चहाचा कप हातात दिला तर आधी तो कपाचा वास घ्यायचा, मग देणाऱ्याचं तोंड बघायचा आणि मगच ओठाला लावायचा. मी त्याच्याबरोबर कालव्याच्या कचेरीत कारकून म्हणून अकरा वर्षं काढली, आणि त्या अकरा वर्षांत माझा एकही चहा त्यानं वास घेतल्याशिवाय प्यायला नाही.

ती कचेरी बारामती-इंदापूर रस्त्यापासून जरा आत होती. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. कालव्याच्या कडेला एक कौलारू बंगला, मागं कडुनिंब आणि निंबाच्या पलीकडं तारेच्या कुंपणात पाऊस मोजायचं भांडं. जमिनीत बसवलेला एक डबा, वर वीतभर रुंदीचं नरसाळं, आत बाटली. नरसाळ्यात पडेल ते पाणी बाटलीत जमायचं. रोज सकाळी आठ वाजता ती बाटली काचेच्या पेल्यात ओतायची, पाणी किती सेंट ते बघायचं, शंभर सेंटांचा एक इंच, आणि आकडा लिहायचा. महिन्याचे आकडे पुण्याच्या हापिसात जायचे.

हे काम आधी बावड्याचा कुंडलिक करायचा. त्रेपन्न सालच्या वैशाखात भर दुपारी तो भांड्याचं कुंपण ताणत होता तो तिथंच कोसळला आणि गेला. बावड्याहून त्याची बायको आणि दोन मुलगे बैलगाडी घेऊन आले आणि त्याला घेऊन गेले. कालव्याच्या पाण्यावर वांगी-दोडके करणारी सारजा त्या वेळी आपल्या वाफ्यात उभी होती. कुंडलिक तेरा वर्षं तिच्याकडं भाकरी खात होता हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच कुणी बोलत नव्हतं. ती गाडीजवळ आली नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी पाटी घेऊन भाजी विकायला आली.

कुंडलिकाच्या जागी सावळाराम आला. पहिलंच वर्ष. चोपन्न सालच्या पाच मेला सकाळी आठ वाजता भांड्यात सेहेचाळीस सेंट पाणी! आभाळात ढगाचा तुकडा नाही, निंबाखालची धूळ कोरडी ठणठणीत. पण आपल्याकडचा वळीव असा की बैलाचं एक शिंग भिजवील आणि दुसरं कोरडं ठेवील. म्हणून मी म्हणालो, "पडली असेल एखादी सर."

"भांड्यात हाय ते लिवायचं," सावळाराम म्हणाला. "आभाळाचं मला कुणी इचारलेलं न्हाय." आणि त्यानं सेहेचाळीस लिहिले. पण लिहिताना तो माझ्याकडं बघत होता.

पुढच्या वर्षी पंचवीस एप्रिलला पुन्हा तेच. आभाळ स्वच्छ आणि भांड्यात चव्वेचाळीस सेंट. आता मात्र गड्याच्या अंगात आलं. पहिला संशय माझ्यावर. मी पुण्याचा, मला म्हणे चेष्टेची खोड. दुसरा ओव्हरसियर बापूसाहेबांच्या स्वयंपाक्यावर. तिसरा उसवाल्या हिंदुरावांवर, कारण पाऊस दाखवला की पाण्याची पाळी पुढं ढकलतात आणि हिंदुरावांचं शेजाऱ्याशी पाळीवरून वाकडं होतं. रोज संध्याकाळी तो भांड्याभोवती चुलीतली राख पसरायचा आणि सकाळी पावलं तपासायचा. महिनाभरात त्याला स्वतःची पावलं सापडली आणि एका कुत्र्याची. कुत्र्यावरही त्याचा संशय होता. मला मनापासून राग यायचा. मी सरकारी कारकून, आणि हा शिपाई माझ्या चपलेचे तळ बघतो!

छप्पन्न सालच्या मार्चमध्ये पुण्याहून पत्र आलं. आसपास कुठंही पाऊस नसताना तुमच्याच केंद्रावर दोनदा पाऊस कसा पडला, याचा खुलासा मेअखेर करावा. समाधान न झाल्यास मोजणाऱ्याच्या बढतीचा विचार होणार नाही.

बढती म्हणजे पाटकऱ्याची. कालव्याचं पाणी शेतोशेत सोडणारा तो पाटकरी. खाकी कोट, सायकल आणि बांधाबांधावर रामराम. यादीत सावळारामचं नाव पहिलं होतं. त्याची बायको द्वारकाबाई हिनं घरातला कणगीचा कोपरा सायकलीसाठी मोकळा करून सारवूनही ठेवला होता. आता ते सगळं त्या दोन आकड्यांवर टांगलेलं.

त्यानं नोंदवही काढली आणि दोन दिवस पानं चाळली. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर वही आपटली. "भाऊसाहेब, ह्यो डाग बघा."

दोन्ही नोंदींच्या कडेला अंगठ्याएवढा पिवळा डाग होता. सकाळी आकडा कागदावर टिपून दुपारी जेवल्यावर तो शाईनं वहीत चढवायचा, त्या वेळी लागलेला. आधीची पानं स्वच्छ. पिवळे डाग दोन्ही सालांत त्याच दिवसापासून सुरू.

"आंब्याचा डाग हाय. आंबा घरात कवा येतो? आखितीला. पितरांना दावल्याबिगर आमी तोंडाला लावत न्हाय." त्यानं दोन्ही नोंदींवर बोट ठेवलं. "तारीख येगळी, पर दिस योकच. दोनी येळंला आखिती व्हती."

मी पंचांग उघडलं. खरंच, दोन्ही दिवशी अक्षय्य तृतीया! पुण्याचं हापीस तारखा बघत बसलं होतं आणि पाऊस तिथीनं पडत होता. खोटं कशाला बोलू, मला कौतुक वाटलं. पण लगेच मनात आलं, एवढं बिनचूक याला कसं कळलं? चोराची पावलं चोरालाच दिसतात. संशय काही त्याच्या एकट्याच्या मालकीचा नव्हता.

त्या वर्षी आखिती तेरा मेला होती. सावळाराम पहाटेच निंबामागं जाऊन बसला. साडेआठला कचेरीत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. कागदावर त्यानं त्या दिवसाचा आकडा टिपला, सत्तेचाळीस.

"कोण सापडलं?" मी विचारलं.

"कुणी न्हाय."

"मग हे पाणी?"

"खुलासा लिवायचा हाय. घ्या कागुद." तो भिंतीकडं बघत सांगत गेला आणि मी लिहीत गेलो. तिन्ही वेळी पेला धुतलेलं पाणी माझ्याच हलगर्जीपणानं बाटलीत राहिलं. पाऊस नव्हता. चूक माझी. खाली त्यानं अंगठ्याएवढ्या अक्षरात सही केली.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! वर्षभर माझ्या चपला तपासणारा हा गडी स्वतःच चोर निघाला. तो खुलासा मी माझ्या उत्तम अक्षरात लिहिला आणि त्याच टपालानं धाडला. महिन्याभरात हुकूम आला. तिन्ही आकडे तांबड्या शाईनं खोडावेत, सावळारामचं नाव यादीतून कमी करावं आणि यापुढं रोज सकाळी कारकुनानं भांड्यापाशी हजर राहून आकड्याखाली सही करावी. सायकल पिंपळीच्या एका पोराला मिळाली, आणि मला रोज आठ वाजता निंबाखाली उभं राहायची शिक्षा. त्यावरूनही मी वर्षभर सावळारामला टोचून बोललो. तो उलट बोलला नाही. मला वाटलं, चोराला तोंड कुठलं.

सत्तावन्न सालची आखिती दोन मेला आली. आठ वाजता सावळारामनं बाटली पेल्यात उपडी केली. थेंब नाही. मी वही मागितली.

"जरा थांबा." त्यानं बाटली बाहेर काढून गवतावर ठेवली, मोकळ्या डब्यावर नरसाळं परत बसवलं आणि निंबाकडं तोंड करून हाक मारली. "ये बाई."

निंबाआडून सारजा आली. हातात पितळेचं फुलपात्र, पदर डोक्यावर. माझ्याकडं बघून थबकली. सावळाराम म्हणाला, "त्येंचं ऱ्हाऊ दे. तू कर तुजं."

तिनं वाकून फुलपात्रातलं पाणी नरसाळ्यात सोडलं. हळूहळू, थेंब बाहेर जाऊ न देता. मग डब्याला हात लावून तो कपाळाला लावला. मला उगीच वाटलं, काहीतरी विचारायला हवं. मी विचारलं, "हे कशाला?"

"आज समदी आपापल्या माणसाला पाणी देत्यात," ती म्हणाली. "बावड्याला त्येंच्या दारात मला उभं करत न्हाईत. त्येनं रोज सकाळी ह्या भांड्याला हात लावला, हितंच पडला. मग मी दुसरीकडं कुठं देऊ?"

ती गेली. सावळारामनं डब्यातलं पाणी निंबाच्या बुडाशी ओतलं, आतून फडक्यानं पुसलं आणि बाटली जागेवर ठेवली. मला तोंड वर करवेना. वर्षभर मी या माणसाला काय काय बोललो होतो.

"अरे, मग हे खरं का नाही लिहिलंस? तुझी सायकल गेली!"

"खरं लिवलं असतं तर चवकशी लागली असती. बाईला साक्षीला बोलावलं असतं. सायबानं इचारलं असतं, मयत तुजा कोण? काय सांगायचं तिनं?"

त्यानं वहीत शून्य लिहिलं, मी खाली सही केली. त्यानं वही ओढून घेतली आणि माझी सही अक्षर न अक्षर वाचली. "तारीख नीट घातली न्हवं? मागनं बदलशीला."

त्या दुपारी तो मला पहिल्यांदाच घरी जेवायला घेऊन गेला. सायकलीसाठी सारवलेल्या कोपऱ्यात पुन्हा कणगी आली होती. द्वारकाबाईंनी पुरणपोळी वाढली, आमरसाची वाटी ठेवली आणि नवऱ्याकडं हात करून म्हणाल्या, "बगा की भाऊसाहेब, एवढा बापई गडी, पर एक पेला धुता आला न्हाय ह्यास्नी. हातातली सायकल घालवली."

सावळारामचा घास हातातच राहिला. तो माझ्याकडं बघत होता, चहाच्या कपामागून बघायचा तसाच.

"खरंय वहिनी," मी म्हणालो. "याच्या हातात पेला देऊच नये."

तेव्हा कुठं त्यानं घास तोंडात घातला.