उलटी गोगलगाय

डोंगरात कुणीतरी एक डबा लपवून ठेवतं. खुणांवरून शोधत येणारा तो उघडतो आणि आतल्या वहीत नावाऐवजी स्वतःचा शिक्का उमटवतो. या छंदात मी नवा. शिक्क्यासाठी आधी गरुड काढला, तेव्हा बायको म्हणाली, "गरुड? चढावर दर वळणाला बसतोस तू." मग खोडरबरावर गोगलगाय कोरली.

परवा कातळाच्या कपारीत पहिला डबा सापडला. वहीत वाघ, घोडे, शिडाची एक होडी; सगळे उजवीकडे निघालेले. स्वतःची खूण निवडताना माणूस आपण कसे आहोत यापेक्षा कसे दिसावे, तेच बहुधा निवडत असावा. मी शाई लावून शिक्का दाबला. कोरलेलं कागदावर उलटं येतं, हे ध्यानातच नव्हतं. त्या गर्दीत माझी गोगलगाय तेवढी डावीकडे तोंड करून उमटली.

"दुसरी कोरतो," मी म्हणालो.

शाई वाळावी म्हणून बायकोनं वही वाऱ्यावर धरली होती. "राहू दे," ती म्हणाली. "एवढ्या सगळ्यांत परत येणारी ही एकटीच आहे."

डबा कपारीत ठेवला. माथा समोरच दिसत होता. आम्ही उतरायला लागलो.