डाव्या अंगाचे दात

न्जोम्बेच्या डोंगरात जुलैचं धुकं एकदा बसलं, की पाइनच्या रानात माणूस माणसाला खोकल्यावरून ओळखतो. अतिलियोला मात्र त्याच्या चेनच्या करवतीवरून, मशीनवरून ओळखत. लाकडात शिरलं की आवाज एकसुरी, आणि पायाशी पडणारा चुरा पिठासारखा कधी नाही, चांगला जाड. आडव्या ओंडक्यातून हातानं धरलेल्या मशीननं तो फळी काढायचा ती ताणलेल्या दोऱ्यासारखी सरळ.

दोन वर्षांमागं वाळकी फांदी डाव्या खांद्यावर पडली. हाड जुळलं, पण हात पहिल्यासारखा झाला नाही. आता मशीन उचलून लाकडाला लावेपर्यंतच त्याचा अर्धा दिवस संपल्यासारखं व्हायचं.

तरी मशीन उचलण्याचं एवढं नव्हतं. खरी गोष्ट चेनीची होती. त्या रानात रीत अशी, की ज्याच्या हातात मशीन त्यानंच कानशीनं चेन घासून धार लावायची. दुसऱ्यानं घासलेली चेन म्हणजे दुसऱ्याच्या चपला. आणि ज्याला चेन घासता येईना, त्यानं मशीन खाली ठेवावं.

चेनीचे निम्मे दात उजव्या अंगाचे, निम्मे डाव्या. उजवे तो उजव्या हातानं घासी, डावे डाव्या. जन्मभराची सवय. आता डाव्या हातातली कानस थरथरायची, दाताच्या डोक्यावर चढायची. उजव्यानंच दोन्हीकडचे घासून पाहिले, तर कोन फिरायचा. डावे दात बोथट राहिले, की मशीन उजवीकडं ओढ खातं आणि फळी वाकते.

फळ्या ओढायला त्याचा मेव्हणा कास्तोरी असे. एकदा त्यानं फळी डोळ्याला लावून पाहिली.

"दाजी, ही फळी हाय का केळीचं पान?"

"गाठीचं लाकूड हाय."

"गाठ लाकडात हाय का खांद्यात?"

अतिलियोनं फळी त्याच्या हातातून घेऊन ढिगावर टाकली. त्याच संध्याकाळी त्यानं करू नये ते केलं. प्रत्येक दातापुढं एक बुटका उंचवटा असतो; दातानं लाकडात किती तोंड घालायचं ते तो ठरवतो. डावे दात जास्त खातील म्हणून डाव्या अंगाचे बुटके त्यानं चपट्या कानशीनं खाली आणले. दुसऱ्या दिवशी दातांनी लाकडात घास घेतला तो गिळवेना इतका मोठा. मशीन उसळलं. ब्रेकची मूठ मनगटाला लागली म्हणून चेन जागीच थांबली. चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीचं टोक हनुवटीपासून वीतभर.

कास्तोरीनं मशीन बंद केलं आणि चेन निरखली.

"बुटके तासलं तुमी," तो म्हणाला. "अक्काला काय सांगितलं असतं मी? सोमवारपास्नं मशीन माझ्याकडं. तुमी दोरा मारा."

ओंडक्यावर काळा दोरा ताणून रेघ मारायची, हे म्हाताऱ्यांचं काम. दोरा मारणाऱ्याला कुणी कारागीर म्हणत नाही.

"सोमवारी एक ओंडका मला फाडू दे," अतिलियो म्हणाला. "फळी वाकली तर घे मशीन."

"एकच."

तासलेला बुटका पुन्हा वाढत नाही. ती चेन त्यानं टाकून दिली आणि घरातली जुनी चढवली. रविवारी प्रार्थनेहून आल्यावर अंगणात बसला. मशीन गार. प्लगची टोपी काढलेली. पट्टी खुंटाच्या खाचेत पाचर मारून घट्ट. पहिल्या दातावर कोळशाची खूण. उजवे दात झाले. डाव्यांना हात लावला आणि कानस पुन्हा दाताच्या डोक्यावर चढली.

त्याची बायको बेनेडिक्ता शेजारी बटाटे सोलत होती. डावरी. लहानपणी आईनं हात फडक्यानं बांधून पाहिला, तरी मोडली नाही ती खोड.

"सरका," ती म्हणाली.

"बायामाणसांनी चेनीला हात लावायचा नसतो."

"मग उद्यापास्नं चेनीलाच भाकर-भाजी मागा."

तिनं चाकू पुसला, हातमोजे चढवले. तो कुरकुरत सांगू लागला. "आतनं बाहेर ढकल. मागं आणताना उचल. मागंपुढं खरवडलंस तर कानस मरती. सगळ्यांत आखूड दात धर, बाकीचे तेवढेच ठेव."

"किती बोलता. बसा की गप."

बांबूच्या कामटीला खाच पाडून तो एकेक दात मोजत गेला. एखादा लांब निघाला, की नुसतं बोट दाखवायचा. शेवटी चेन हातानं ओढून पाहिली. खाली लोंबत नव्हती, फिरवली तर अडत नव्हती. त्याला बरं वाटलं आणि लाजही वाटली. त्यातलं जास्त काय, ते दमलेल्या माणसाला कळत नाही.

सोमवारी फळी सरळ आली. कास्तोरीनं ती दोन्ही टोकांनी पाहिली, मग वाकून दात पाहिले.

"उजवीकडं तुमचा हात. डावीकडं कुणाचा?"

खोटं बोलायलाही जोर लागतो. "तुझ्या बहिणीचा."

कास्तोरी हसेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "बरी घासलीय. फाडा पुढं. मशीन तुमचंच."

अतिलियोनं दुसरा ओंडका घेतला. निम्म्यावर खांद्यातून कळ निघाली ती बोटांपर्यंत गेली. चेन लोण्यातून गेल्यासारखी जात होती, तरी हात खाली येत होता. धारेचं निमित्त आता उरलं नव्हतं. त्यानं मशीन बंद केलं आणि पुढं केलं.

"धर."

"फळी सरळ आली की, दाजी. मी मागितलं न्हाई."

"मी देतोय. चेन मात्र दर रविवारी घासायला आमच्याकडं आणून टाकायची."

"दुसऱ्यानं घासलेली चेन वापरू मी?"

"नको असंल तर तसं अक्काला सांगून ये."

कास्तोरीनं मशीन घेतलं आणि डावे दात पुन्हा एकदा पाहिले. मग त्यानं मशीन जमिनीवर ठेवलं, पायानं दाबलं आणि चालू करायची दोरी ओढली. अतिलियो ओंडक्यावर बसला. त्या वेळी कुणी पेलाभर चहा पुढं केला असता, तर तोही त्या हातानं धरवला नसता.