पायथ्याशी ठेवलेली खुर्ची

गेल्या वर्षी पोळ्यानंतरच्या मंगळवारी आईच्या डाव्या नडगीवरचा त्वचेचा कॅन्सर ऑपरेशन करून काढला. भाजल्याच्या जुन्या वणावर तो झाला होता. नडगीची कातडी ओढून टाके घालण्याइतकी सैल नसते, म्हणून मांडीची पातळ कातडी काढून जखमेवर लावली. पाचव्या दिवशी पट्टी उघडली तेव्हा लावलेली कातडी गुलाबी, म्हणजे धरलेली होती. घरी सोडताना डॉक्टरांनी एकच गोष्ट दोनदा सांगितली: आणखी दहा दिवस पाय उशांवर, उंच. खाली सोडला तर कातडीखाली रक्त साचतं आणि ती सुटते.

मी ते वहीत उतरवून घेतलं. वडीगोद्रीच्या घरी बाज मीच लावली. पट्टी बदलायला उजेड हवा म्हणून पायथा दाराकडे केला आणि येणाऱ्यांसाठी खुर्ची तिथेच ठेवली.

थोरले काका, म्हणजे आईचे मोठे दीर, रोज सकाळी बागेतली मोसंबी घेऊन येत, पाऊण तास बसत. त्या वेळी मी जालन्याला ऑफिसात असे. चौथ्या दिवशी निघायला उशीर झाला म्हणून दिसलं. काका आत आले तसा आईने पाय उशांवरून काढून खाली सोडला, पदर सारखा केला.

"पाय वर घे," मी म्हणालो.

"भाऊजींच्या तोंडाकडं तळपाय करून पडू का?"

काका म्हणाले, "पड गं बाई. मी काय देव हाये का?"

"देव असते तर तुमचा फोटो दुसऱ्या भिंतीला लावला असता," आई म्हणाली.

आम्ही तिघेही हसलो. खुर्ची तेव्हाच उचलून उशाशी ठेवता आली असती. मी बस धरली.

तीन दिवसांनी तपासणीत खालच्या बाजूची कातडी काळी पडलेली निघाली. पाय खाली सोडत होत्या का, असं डॉक्टरांनी विचारलं. रोज, असं मी सांगितलं.

संध्याकाळी काकांना फोन केला.

"मंग माझ्यामुळं झालं म्हण की," ते म्हणाले.

"पाय खाली सोडल्यामुळं," मी म्हणालो. खुर्ची मी ठेवली होती, हे सांगितलं नाही.

दिवाळीआधी मांडीची कातडी पुन्हा काढून लावली. या वेळी ती धरली. खुर्ची आता उशाशी आहे. मोसंबीची पिशवी सकाळी दाराबाहेरच्या ओट्यावर असते. त्या फोननंतर काका आत आलेले नाहीत.